दात काढून घरी आल्यावर काय करायचं, काय नाही

माझी डावीकडची खालची अक्कलदाढ बेळगावात काढली आणि तासाभरात मी खानापूरची बस पकडली. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो. तोंडात रक्ताची चव आली की खिडकीतून थुंकायचं, असं करत सगळा रस्ता आलो. घरी पोहोचल्यावर अंगणात उभं राहून तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या. वर आईनं दिलेला कडक चहा घेतला. तिसऱ्या रात्री कानापर्यंत असा ठणका लागला की भिंतीला टेकून सकाळ केली.

दवाखान्यातून निघताना एक कागद हातात दिला होता. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. घडी घालून खिशात टाकला आणि विसरलो. चौथ्या दिवशी पुतणीनं तो मोठ्यानं वाचला. ती कन्नड शाळेत चौथीला आहे, तिला भराभर वाचता येतं. ‘उगुळबारदु’, म्हणजे थुंकायचं नाही. ‘बायि मुक्कळिसबारदु’, म्हणजे चूळ भरायची नाही. पहिल्या दोन ओळींतच माझा अख्खा दिवस लिहिलेला होता.

तोच कागद आता मराठीत, माझ्या चुका घालून, तुमच्यासाठी.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. दात निघाला की हाडात खळगा उरतो. त्यात रक्त साकळून गाठ बसते. ही गाठ खालच्या हाडाचं आणि नसांचं झाकण असते, आणि तिच्याच आधारानं नवं मांस भरून येतं. विरजण लावलेलं भांडं आपण दही लागेपर्यंत हलवत नाही ना, तसंच हे. थुंकणं, चूळ, नळीनं ओढणं, विडीचा झुरका, सगळ्यांत तोंडात ओढ किंवा दाब तयार होतो आणि गाठ सुटते. पहिले दोन-तीन दिवस ती सुटू द्यायची नाही, एवढंच काम.

१. जाण्याआधीची तयारी

सोबत न्यायचं:

- आधीचे कागद आणि एक्स-रे, असतील तर
- रोज चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं. नाव सांगता येत नसेल तर रिकामी पाकिटं पिशवीत टाका, ते पुरतं
- सरकारी किंवा कॉलेजच्या ओपीडीत जाणार असाल तर आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- स्वच्छ रुमाल, पाण्याची बाटली आणि बरोबर एक माणूस

घरात आणून ठेवायचं: मीठ, बर्फ, दही, केळी, जास्तीची एक उशी. संध्याकाळी गाल सुजल्यावर बर्फ शोधत कोण फिरणार.

डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगायच्या गोष्टी: साखर, बीपी, दमा, हृदयाचा आजार, कुठल्या औषधाची ॲलर्जी, पोटात मूल असेल तर तेही. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते मुद्दाम सांगा. त्या औषधांमुळे काहींच्या जबड्याचं हाड भरून येत नाही, आणि बायका ‘ती कॅल्शियमची असते’ म्हणून सोडून देतात.

रक्त पातळ करण्याची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, आपल्या मनानं बंद करू नका. शेजारी सांगतात ‘चार दिवस थांबव गा, रक्त थांबायचं नाही’. दाताचं रक्त दाबून थांबवता येतं. गोळी थांबवल्यानं हृदयात किंवा मेंदूत गाठ झाली तर ती दाबून थांबत नाही. काय करायचं ते ज्यांनी गोळी लिहिली ते डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर मिळून ठरवतील.

साधी भूल, म्हणजे फक्त तेवढी जागा बधिर करणारी, असेल तर उपाशी जाऊ नका. नाश्ता करा, साखरेची आणि बीपीची गोळी नेहमीप्रमाणे घ्या. नंतर काही तास नीट खाता येत नाही आणि साखरवाल्यांना गरगरतं.

वार निवडायचा असेल तर सोमवार ते गुरुवार, आणि तेही सकाळी. खेड्यातून येणारे आपण बाजाराच्या दिवशी किंवा शनिवारी दोन कामं एकत्र उरकतो. मग रविवारी रक्त आलं की दवाखान्याला कुलूप. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. कॉलेजात गर्दी असते, वेळ जातो, तेव्हा तिथे तर सकाळी लवकरच पोहोचायला हवं.

२. पहिला पाऊण तास: बोळा

दात काढल्यावर जागेवर गॉजचा बोळा ठेवतात आणि दाबून धरायला सांगतात. तीस ते पंचेचाळीस मिनिटं. या वेळात बोलायचं नाही, बोळा चघळायचा नाही, दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं काय’ म्हणून बघायचं नाही. बघायला काढला की बसू लागलेली गाठ बोळ्याबरोबर येते.

ही वेळ दवाखान्याच्या बाकावरच काढा. लगेच स्टँडकडे पळू नका. उठण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: जास्तीचे तीन-चार बोळे, रात्री लावायचा फोन नंबर, आणि टाके असतील तर ते विरघळणारे की काढायचे. तिसरं विचारायला मी विसरलो आणि त्यासाठी एक फेरी फुकट गेली.

कागद कन्नडमध्येच असेल तर तिथल्या तिथे कुणाकडून तरी वाचून घ्या. लाज कसली. आपल्याकडे बोलायला तिन्ही भाषा येतात, वाचायला एखादी राहून जाते. नर्सबाईंना दुखतंय हे सांगायला ‘हल्लु ब्यानी’ इतकं कन्नड पुरतं, पण सूचना अर्ध्या कळून चालत नाहीत.

३. घरी येताना

बसमध्ये तोंडात लाळ येणारच, आणि ती लाल दिसणारच. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी वाटतं की रक्ताची धार लागली. गिळा. थोडं रक्त पोटात गेल्यानं काही होत नाही, फार तर मळमळतं. गिळवत नसेल तर तोंड उघडून रुमालात ओघळू द्या. जोर लावून थुंकायचं नाही.

भूल दोन ते चार तास राहते. तोवर ओठ, गाल, जीभ आपली वाटतच नाही. लहान मुलं गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि उतरल्यावर ओठावर ही मोठी जखम. मुलाचा दात काढला असेल तर भूल उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसा.

दुचाकी स्वतः चालवत जाऊ नका. मला एकानं आणून सोडतो म्हटलं होतं, मीच नको म्हणालो.

४. पहिले चोवीस तास

या चोवीस तासांत आपल्या चांगल्या सवयीच आड येतात. जेवल्यावर चूळ भरल्याशिवाय आपल्याला उठवत नाही. लहानपणापासून तेच शिकवलंय, खळखळून भर, आत काही राहता कामा नये. पहिला दिवस ते विसरा. तोंड घाण वाटेल, वास येईल, जिभेवर लोखंडाची चव राहील. राहू दे.

दात घासायचे, पण त्या जागेपासून लांब राहून, मऊ ब्रशनं, हळू. पेस्ट थुंकू नका, वाकून तोंडातून ओघळू द्या.

जीभ सारखी तिकडे जाते. जिभेनं चाचपू नका, बोटानं तर नाहीच. आरशात बघायचं असेल तर लांबून.

चूल पेटवणाऱ्यांसाठी एक, जे त्या छापील कागदावर नव्हतं: फुंकणी दोन-चार दिवस दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. वरची मागची दाढ काढली असेल तर हे जास्तच पाळायचं. तिच्या मुळांच्या वर नाकाच्या बाजूची पोकळी असते आणि मधलं हाड पातळ असतं. जोरात फुंकलं, नाक जोरात शिंकरलं तर तिथे भोक पडू शकतं. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका. पाणी पिताना ते नाकातून येऊ लागलं तर डॉक्टरांना कळवा.

वाकून करायची कामं, ऊस तोडणं, पोती उचलणं, दोन-तीन दिवस बंद. डोक्याकडे रक्त चढलं की जागा पुन्हा वाहते. झोपताना दोन उश्या घ्या. उशीवर जुना टॉवेल टाका, सकाळी लाल डाग दिसला तर घाबरू नका.

रात्री रक्त पुन्हा सुरू झालं तर बसून राहा. स्वच्छ गॉज ओला करून पिळा, घडी करून जागेवर ठेवा आणि अर्धा तास दाबून धरा. घड्याळ लावून अर्धा तास, अंदाजानं नको. गॉज संपला असेल तर काळ्या चहाची पिशवी गार पाण्यात भिजवून पिळा आणि तीच दाबून धरा. चहातल्या तुरटपणानं रक्त साकळायला मदत होते. आपल्या घरात सुटी चहा पावडर असते, ती दाबायची नाही हं, कण आत जातात. दोनदा करूनही थांबलं नाही तर फोन लावा.

५. सूज आणि शेक

शेकाच्या बाबतीत आपल्या घरांत हमखास उलटं होतं. दुखतंय म्हटलं की आजी तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी बांधते. माया खरी, पण वेळ चुकीची. पहिल्या दिवशी गरम शेकानं रक्त आणि सूज दोन्ही वाढतात.

पहिला दिवस बर्फ. टॉवेलात गुंडाळून, बाहेरून गालावर, पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा. बर्फ तोंडात चोखायचा नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते, त्यामुळे दुसऱ्या सकाळी गाल कालच्यापेक्षा मोठा दिसला तर काही बिघडलं असं नाही. आजीची पुरचुंडी तिसऱ्या दिवसापासून, कोमट. जबडा आखडला असेल तर तेव्हा तिनं बरं वाटतं.

६. काय खायचं

भूल उतरल्याशिवाय काही चावू नका. मग गार किंवा कोमट, मऊ, आणि दुसऱ्या बाजूनं. माझे पहिले दोन दिवस गार केलेल्या नाचणीच्या आंबिलीवर गेले. मऊ दहीभात, केळं, गार दूध, गाळलेलं ताक, घोटलेलं वरण चालतं. आईस्क्रीम चमच्यानं.

नळीनं काहीही प्यायचं नाही. शहाळं पेल्यात ओतून घ्या, उसाचा रसही ग्लासला तोंड लावून. ही चूक फार जण करतात, कारण पातळ आहे म्हणजे चालतंय असं वाटतं. चहा पहिल्या दिवशी निवलेलाच. गरम चहानं गाठ सैल होते, शिवाय भूल असताना तोंड भाजलं तरी कळत नाही.

चुरमुरे, शेंगदाणे, तीळ, फरसाण हे निदान आठवडाभर नको. कण नेमके खळग्यात जाऊन बसतात. संकेश्वरी मिरचीचा ठेचा दिसला की हात जातो, तो आवरा. कडक भाकरी दुधात कुस्करून तिसऱ्या-चौथ्या दिवशी. गोकाकचा करदंट घरात आला असेल तर डबा दुसऱ्याच्या ताब्यात द्या. डिंक, खोबरं, सुका मेवा, सगळं एकत्र, चिकट आणि टणक. कुंदा मात्र तिसऱ्या दिवशी थोडा चालतो, नंतर मिठाचं पाणी घेतलंत तर.

७. तंबाखू

निपाणीचा तंबाखू आपल्या भागाचा पैसा आहे, हे मला सांगायला नको. पण या आठवड्यात तो तोंडापासून दूर. विडी-सिगारेटचा झुरका गाठ ओढून काढतो आणि निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे जखमेला रक्तच पोहोचत नाही. कमीत कमी तीन दिवस, जमलं तर आठवडा. गुटखा, मावा, चुना-तंबाखू यांचंही तेच.

मशेरीबद्दल वेगळं सांगतो, कारण बायका तिला तंबाखू धरतच नाहीत. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारलं की माझी मावशी ‘नाही’ म्हणाली आणि खरंच तिला वाटत होतं की खरं बोलतेय. भाजलेला तंबाखूच तो. बोटानं हिरडीवर घासायचा म्हणजे जखमेत चोळायचा. घरातल्या बाईचा दात काढला असेल तर ‘मशेरी’ हाच शब्द वापरून विचारा.

दारूही नाही. मेट्रोनिडाझोल नावाची गोळी लिहून दिली असेल तर ती संपल्यावरही दोन-तीन दिवस नाही. दोन्ही एकत्र आले की उलट्या, धडधड, घाम.

८. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं पाणी

चोवीस तास झाले की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट घ्या, मान हळूहळू इकडे-तिकडे कलवा, तोंड उघडा, पाणी पडू द्या. खळखळ नाही, गुळण्या नाहीत. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, साधारण आठवडाभर. क्लोरहेक्सिडीनचं औषधी पाणी दिलं असेल तर ते सांगितल्या प्रमाणात, तेही चोवीस तासांनंतर.

आता खळग्यात पांढरट-पिवळट थर दिसेल. तो पू समजून काडीनं, कापसानं पुसू नका. भरून येणाऱ्या जखमेचाच तो भाग असतो.

९. गोळ्या

भूल उतरायच्या आधीच पहिली वेदनाशामक गोळी घ्या. ठणका सुरू झाल्यावर घेतली तर तासभर तळमळत बसावं लागतं. उपाशीपोटी नको. दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास असेल तर मेडिकलमधून आपल्या मनानं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. पॅरासिटामॉल सर्दी-तापाच्या गोळीतही असतं, त्यामुळे दोन वेगळ्या नावांनी तेच दोनदा पोटात जातं, पाकीट वाचा. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. लिहिलं असेल तर कोर्स पुरा करा, लिहिलं नसेल तर भावाच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका.

ॲस्पिरिन हिरडीवर ठेवायची नाही, चामडी जळते. लवंग चेचून, हळद, तंबाखूची चिमूट, असलं काहीही खळग्यात भरायचं नाही. लवंगेच्या तेलातलं औषध दाताचे डॉक्टर वापरतात हे खरं, पण मोजून, पट्टीला लावून. आपण बाटली ओतली की हिरडी भाजते.

१०. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढला तर

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दोन दिवस बरं वाटून मग अचानक वाढलं, कानाकडे किंवा कपाळाकडे गेलं, तोंडाला घाण वास येतोय, गोळीनं उतरत नाही, खळगा रिकामा दिसतोय, तर गाठ निघून गेली आणि आतलं हाड उघडं पडलं. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांना, त्यातही अक्कलदाढेला हे जास्त होतं, आणि विडी-तंबाखूवाल्यांना. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही धोका थोडा जास्त असतो.

मी दीड दिवस घरी काढला. ‘काढलेल्या जागेला दुखणारच की,’ असं सगळे म्हणत होते. शेवटी गेलो तेव्हा डॉक्टरांनी खळगा धुतला, लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत ठेवली, आणि बसस्टँडवर पोहोचेपर्यंत ठणका निम्म्यावर आला होता. पट्टी दोनदा बदलावी लागली. आठवड्याभरात शांत झालं. तेव्हा वाट बघू नका. घरी यावर इलाज नाही, दवाखान्यात तो दहा मिनिटांचा आहे.

११. ताबडतोब निघायचं कधी

- गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज पसरतेय
- दोनदा बोळा दाबूनही रक्त थांबत नाही
- तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतेय, पू येतोय, थंडी वाजून ताप येतोय
- अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले. गोळीची ॲलर्जी असू शकते

श्वासाचं किंवा गळ्याच्या सुजेचं असेल तर दाताच्या डॉक्टरांची वेळ बघत बसू नका. १०८ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीनं जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर ती धावपळीची गोष्ट नाही, पण त्याच दिवशी फोन करून कळवा. खालच्या दाढेजवळून नस जाते, तिला धक्का बसलेला असू शकतो.

१२. पुढचे आठवडे

काढायचे टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. विरघळणारे आपोआप सुटतात, एखादा धागा तोंडात आला तर ओढू नका. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने. मध्येच हिरडीतून हाडाची बारीक टोकदार कपची वर येते, ‘मुळाचा तुकडा राहिला’ म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा ती आपोआप निघते, टोचत असेल तर डॉक्टर काढून देतात.

अक्कलदाढेच्या जागी काही बसवावं लागत नाही. दुसरी कुठली दाढ काढली असेल तर रिकामी जागा वर्षानुवर्षं तशीच ठेवू नका, शेजारचे दात तिकडे कलतात आणि समोरचा दात वाढून त्या फटीत येतो. टाके काढायला जाल त्याच दिवशी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात), कवळी की इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात), किती महिन्यांनी आणि किती खर्च, हे विचारून कागदावर लिहून घ्या. ज्या भाषेत तुम्हाला वाचता येतं त्या भाषेत.